क्षयरोगाचे निदान : विलंबाचे अर्थशास्त्र

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. हा दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर सुमारे सात दशकांनी, स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि आयसोनियाझिड ही औषधे हाती आल्यावर, हा रोग पूर्णपणे बरा होऊ शकतो हेही सिद्ध झाले. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक आहे, प्रसाराचा मार्ग ठाऊक आहे आणि औषधही उपलब्ध आहे. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे १८७ व्यक्तींना नव्याने क्षयरोग झाला. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत.

बरा होणारा रोग टिकून का राहतो, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. रुग्णाच्या खोकल्यातून जंतू हवेत मिसळू लागतात तो दिवस आणि त्या रुग्णाचे निदान होऊन औषधोपचार सुरू होतो तो दिवस, यांच्यामधील कालावधीत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दडलेले आहे. या कालावधीची किंमत कोण मोजतो, तो कमी करण्यासाठी कोणत्या साधनांवर किती खर्च करावा आणि तो खर्च कोणी करावा, हे अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

जंतूचे स्वरूप

क्षयरोगाच्या जंतूचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्याची संथ वाढ. आतड्यात आढळणारे काही सामान्य जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयरोगाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. त्यामुळे रोगाची लक्षणे हळूहळू वाढतात. प्रारंभी थोडा खोकला, संध्याकाळी किंचित ताप, भूक मंदावणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात. रुग्णाला एकाएकी अंथरुणाला खिळवणारे असे त्यात काही नसते. पटकी झालेला माणूस काही तासांत रुग्णालय गाठतो. क्षयरोगी मात्र कित्येक आठवडे कामावर जात राहतो. रोगाचा हा संथपणाच त्याच्या प्रसाराला साहाय्यभूत ठरतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे या जंतूभोवतीचे मेणचट आवरण. या आवरणामुळे तो शरीरातील संरक्षक पेशींच्या आतही जिवंत राहू शकतो. सामान्य रंगद्रव्ये त्याला सहजासहजी लागत नाहीत. मात्र एकदा लागलेला रंग आम्लाने धुतला तरी जात नाही. प्रयोगशाळेतील थुंकी तपासणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे सुप्त संसर्ग. जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. बहुतेकांच्या बाबतीत शरीरातील संरक्षक पेशी जंतूंना वेढून टाकतात आणि ते वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. अशा व्यक्तीला त्रास नसतो आणि तिच्यापासून इतरांना संसर्गही होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान आणि मद्यपान यांमुळे ही शक्यता वाढते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के व्यक्तींना असा संसर्ग झालेला आहे. आज सर्व रुग्ण बरे केले तरी या साठ्यातून उद्या नवे रुग्ण निर्माण होत राहतील.

प्रसाराविषयी दोन महत्त्वाचे प्रयोग

क्षयरोग हवेतून पसरतो हे आज सर्वमान्य असले, तरी त्याचा निर्णायक पुरावा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील एका रुग्णालयात १९५६ पासून काही वर्षे रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा नळ्यांवाटे वरच्या भागातील गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेण्यात आली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज कोणताही संबंध नव्हता. तरीही त्या प्राण्यांना क्षयरोगाचा संसर्ग झाला. ज्या गटाला अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेली हवा मिळाली, त्या गटाला मात्र संसर्ग झाला नाही. या प्रयोगातून आणखी दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. बहुतांश संसर्ग मोजक्याच रुग्णांकडून झाला होता; आणि प्रभावी औषधोपचार सुरू असलेल्या रुग्णांची संसर्ग पसरवण्याची क्षमता फारच कमी झाली होती.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास राज्याचे सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रास येथे १९५६ मध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. त्याकाळी क्षयरोग्याला महिनोन्‌महिने आरोग्यधामात ठेवणे हाच सर्वमान्य उपचार होता. भारतातील रुग्णांची संख्या पाहता तेवढ्या खाटा उभारणे देशाला परवडणारे नव्हते. या केंद्राने १९३ रुग्णांपैकी काहींवर घरी आणि काहींवर आरोग्यधामात एक वर्षभर सारख्याच औषधांनी उपचार केले. घरी राहणारे रुग्ण दाट वस्तीत राहत होते आणि त्यांचा आहारही तुलनेने निकृष्ट होता. तरीही दोन्ही गटांत रोग बरा होण्याच्या प्रमाणात मोठा फरक आढळला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना रोग होण्याचे प्रमाणही अधिक नव्हते. कुटुंबीयांना जो धोका पोहोचायचा तो मुख्यतः उपचार सुरू होण्यापूर्वीच पोहोचलेला होता.

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील क्षयरोग धोरण बदलले आणि आरोग्यधामांवरील प्रचंड खर्च टळला. या दोन्ही प्रयोगांचा एकत्रित अर्थ असा की, निदान न झालेला आणि म्हणून औषध न मिळालेला रुग्ण हा प्रसाराचा प्रमुख स्रोत आहे. संसर्ग रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे रुग्ण लवकर शोधणे.

शोधाची साधने आणि त्यांच्या मर्यादा

थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही सर्वांत जुनी पद्धत आहे. ती स्वस्त असून तालुका पातळीवरही सहज राबवता येते. मात्र जंतू दिसण्यासाठी एक मिलिलीटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. म्हणजे या चाचणीत जो रुग्ण सापडतो, तो बहुधा बराच काळ आजारी असतो आणि इतरांना संसर्ग करून चुकलेला असतो. लहान मुले आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती यांच्या थुंकीत जंतूंची संख्या कमी असल्याने त्यांचे निदान या पद्धतीने अनेकदा निसटते.

जंतुसंवर्धन ही पद्धत अधिक सूक्ष्म आहे. एक मिलिलीटर नमुन्यात १० ते १०० जिवंत जंतू असले तरी ते पोषक माध्यमात वाढवून ओळखता येतात. परंतु जंतूची वाढच संथ असल्याने निष्कर्षासाठी दोन ते आठ आठवडे लागू शकतात. शिवाय त्यासाठी सुरक्षित प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. अचूक उत्तर उशिरा मिळाले तर तोवर रुग्ण दुसरीकडे निघून गेलेला असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

तिसरी पद्धत जनुकीय चाचणीची. यात जंतूच्या जनुकीय द्रव्याचा विशिष्ट अंश अनेक पटींनी वाढवून ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये शिफारस केलेली, आपल्याकडे सीबीनॅट या नावाने परिचित असलेली चाचणी सुमारे दोन तासांत रोगाचे निदान करते आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही सांगते. मात्र या यंत्राला अखंड वीजपुरवठा आणि योग्य तापमान लागते. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोन्ही गोष्टींची खात्री नसते. ही अडचण लक्षात घेऊन भारतातच ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे, सहज हलवता येण्याजोगे यंत्र विकसित झाले. त्यामागील संशोधन बंगळुरू येथे झाले आणि ते तयार करणारी मोलबायो ही कंपनी गोव्यातील आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीची शिफारस केली. आपल्या परिस्थितीला अनुरूप तंत्रज्ञान आपणच घडवल्यास ते जगालाही उपयोगी पडते, याचे हे उदाहरण होय.

किमतीचा प्रश्नही येथे लक्षात घ्यावा लागेल. सीबीनॅटच्या एका काडतुसाची विकसनशील देशांसाठीची सवलतीची किंमत आंतरराष्ट्रीय साहाय्यामुळे २०१२ मध्ये १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आली आणि २०२३ मध्ये ७.९७ डॉलर झाली. तरीही ही किंमत थुंकीच्या साध्या तपासणीपेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणूनच ही चाचणी कोणाची आणि केव्हा करावी, हा प्रश्न उरतोच.

चुकीच्या निदानाचे गणित

रोग शोधताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, रुग्ण असूनही त्याला निरोगी ठरवणे. दुसरी, निरोगी व्यक्तीला रुग्ण ठरवणे. धोरण आखताना दुसऱ्या चुकीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल.

राष्ट्रीय पाहणीनुसार १५ वर्षांवरील दर लाख व्यक्तींमागे ३१६ जणांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षयरोग होता. समजा, आपण एक लाख प्रौढांची सरसकट एकच चाचणी केली. ही चाचणी १०० रुग्णांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी फक्त दोघांना चुकून रुग्ण ठरवते असे मानू. वरवर पाहता ही चाचणी उत्तम वाटते. ती ३१६ पैकी सुमारे २८४ रुग्ण शोधेल. पण उरलेल्या ९९,६८४ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १,९९४ जणांनाही ती रुग्ण ठरवेल. म्हणजे ज्यांना रोग असल्याचे सांगितले, त्यांच्यापैकी आठांत जेमतेम एक खरा रुग्ण असेल. इतर सात जण सहा महिने अनावश्यक औषधे घेतील आणि सामाजिक कलंकही सोसतील.

आता हीच तपासणी दोन टप्प्यांत केली असे समजा. आधी सर्वांच्या छातीचा एक्स-रे काढला. त्यात ९० टक्के रुग्ण, म्हणजे २८४ जण, संशयित ठरले आणि निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्के, म्हणजे ४,९८४ जणही संशयित ठरले. केवळ या ५,२६८ व्यक्तींची जनुकीय चाचणी केली. ती १०० रुग्णांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी एकालाच चुकीने रुग्ण ठरवते असे धरल्यास सुमारे २५६ खरे रुग्ण सापडतील आणि सुमारे ५० जणांचे निदान चुकेल. महागडी चाचणी एक लाखाऐवजी सुमारे पाच हजार व्यक्तींची करावी लागेल. २८ रुग्ण अधिक निसटले, ही या पद्धतीची किंमत आहे. परंतु वाचलेल्या पैशातून तीच मोहीम पुढील वर्षी पुन्हा राबवता येईल. साधनांची निवड आणि त्यांचा क्रम ठरवणे हाही नियोजनाचाच भाग आहे, हे यावरून लक्षात येईल.

चुकीच्या चाचणीची किंमत आपण प्रत्यक्षातही मोजली आहे. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत असत. देशात दरवर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. त्यांचे निष्कर्ष विश्वासार्ह नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. या चाचण्यांचा दर्जा पारखणे रुग्णाला शक्य नव्हते. जेथे विकत घेणाऱ्याला वस्तूचा दर्जा कळू शकत नाही, तेथे बाजारातील स्पर्धेने दर्जा आपोआप सुधारत नाही. तेथे नियमनाला पर्याय नसतो.

विलंब नेमका कोठे होतो?

बंगळुरू येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली एक पाहणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रामीण, अशिक्षित लोकांना क्षयरोगाची जाणीव नसते आणि ते दवाखान्यात येत नाहीत, असा तोपर्यंतचा समज होता. प्रत्यक्षात क्षयरोग असलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक लक्षणांसाठी आरोग्य केंद्रात जाऊन आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. रुग्ण दारापर्यंत आला होता. त्याची थुंकी तपासली गेली नव्हती. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात सामान्य आरोग्य केंद्रांतच निदानाची सोय करण्यावर भर देण्यात आला, त्यामागे याच संस्थेतील अशा अभ्यासांचा आधार होता.

त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत चित्र वेगळे दिसते. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के व्यक्तींनी कोठेही उपचार घेतले नव्हते. त्यांतील बहुसंख्य लोकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते. याच पाहणीत सुमारे ४३ टक्के रुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले. फक्त लक्षणे विचारली असती तर ते निसटले असते. राज्याराज्यांतील तफावतही मोठी आहे. फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण केरळमध्ये लाखामागे ११५, तर दिल्लीत ५३४ इतके आढळले.

जे उपचारासाठी बाहेर पडतात त्यांचाही मार्ग सरळ नसतो. भारतातील विविध अभ्यासांचा २०१४ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा सांगतो की, लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत साधारण ५५ दिवस जातात आणि त्या काळात रुग्ण सरासरी दोन ते तीन डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाऊन आलेला असतो. या ५५ दिवसांपैकी रुग्णाने स्वतः लावलेला विलंब सुमारे १८ दिवसांचा असतो. वैद्यकीय व्यवस्थेत शिरल्यानंतर निदानासाठी लागणारा काळ सुमारे ३१ दिवसांचा, म्हणजे त्याहून अधिक असतो.

या विलंबाचा हिशोब मांडता येतो. थुंकीत जंतू असलेला आणि उपचार न मिळालेला रुग्ण वर्षाला साधारण १० ते १५ जणांना संसर्ग करतो असे मानले जाते. या प्रमाणाने ५५ दिवसांत दीड ते सव्वादोन व्यक्तींना संसर्ग होईल. अशा एक लाख रुग्णांमागे दीड ते सव्वादोन लाख लोकांना संसर्ग होईल आणि त्यांतून कालांतराने ७,५०० ते २२,५०० नवे रुग्ण निर्माण होतील. हा ढोबळ हिशोब आहे. प्रत्येक रुग्णाची संसर्गक्षमता सारखी नसते, हे रायली यांच्या प्रयोगाने दाखवलेच आहे. तरीही विलंबाचे परिमाण समजण्यास तो पुरेसा आहे.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

रोजंदारीवर काम करणारी व्यक्ती खोकला असूनही दवाखान्यात जात नाही, तेव्हा आपण ते अज्ञानाचे लक्षण मानतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तिचा निर्णय बऱ्याचदा हिशोबाला धरून असतो. तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो आणि निष्कर्षासाठी पुन्हा एक खेप घालावी लागते. हा सर्व खर्च आज आणि निश्चितपणे तिच्या पदरी पडतो. लवकर निदानाचा लाभ मात्र वाटला जातो. त्यातला काही भाग तिला मिळतो आणि मोठा भाग तिच्या मुलांना, शेजाऱ्यांना, कारखान्यात शेजारी बसणाऱ्या कामगाराला मिळतो. त्यांना आपण संसर्गापासून वाचलो हे कधी कळतही नाही, त्यामुळे तपासणीचा खर्च उचलण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर येत नाही. अशा परिस्थितीत व्यक्तीच्या निर्णयावर सोडल्यास समाजाला आवश्यक त्यापेक्षा कमी तपासण्या होणार हे उघड आहे. बाह्य लाभ असलेल्या सेवांचा खर्च शासनाने उचलावा, हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे जुने तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडते. रस्ते आणि धरणे यांप्रमाणेच प्रयोगशाळांचे जाळे हीदेखील देशाची पायाभूत सुविधा मानली पाहिजे.

शासनाची पावले या दिशेने पडत आली आहेत. १९९७ मध्ये सुरू झालेला सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम २००६ पर्यंत देशभर पोहोचला आणि २०२० मध्ये त्याचे नामकरण राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे करण्यात आले. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले आणि त्यासाठी निक्षय ही संगणकीय प्रणाली अस्तित्वात आली. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. हे साहाय्य उपचार सुरू झाल्यावर मिळते. निदानापूर्वी बुडालेली मजुरी आणि झालेला खर्च मात्र अद्याप रुग्णाच्याच पदरी पडतो.

आहाराचे महत्त्व झारखंडमधील एका मोठ्या प्रयोगाने अधोरेखित केले आहे. २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्णांच्या सुमारे दहा हजार कुटुंबीयांचा त्यात अभ्यास झाला. ज्या कुटुंबांतील इतर सदस्यांनाही दरमहा शिधा आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यात आली, त्यांच्यात क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. सुप्त जंतू जागा होण्यामागे उपासमारीचा किती मोठा वाटा असतो, हे या निष्कर्षावरून दिसते. स्वयंपाकघरातील धान्याचा डबा हेही रोगप्रतिबंधाचे साधन आहे.

औषधप्रतिरोध : अपुऱ्या निदानाचा परिणाम

क्षयरोग आहे एवढे समजणे पुरेसे नसते. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हेही समजावे लागते. लक्षावधी जंतूंमध्ये एखादा जंतू नैसर्गिक बदलामुळे एखाद्या औषधाला प्रतिरोध करणारा असतो. एकच औषध दिले किंवा औषध मध्येच थांबवले, तर इतर जंतू मरतात आणि हा प्रतिरोधक जंतू वाढतो. म्हणूनच क्षयरोगावर अनेक औषधे एकत्र दिली जातात. प्रतिरोधक जंतू असलेल्या रुग्णाला नेहमीचीच औषधे दिल्यास तो बरा होत नाही आणि तोच प्रतिरोधक जंतू इतरांपर्यंत पोहोचवतो. मुंबईतील काही रुग्णांमध्ये तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणारे जंतू आढळल्याचे २०१२ मध्ये तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य देशासमोर आले. त्यानंतर मुंबईत आणि अन्यत्र जनुकीय चाचण्यांचा विस्तार झाला. अशा रुग्णांसाठी सहा महिन्यांच्या नव्या औषधयोजनेला २०२४ मध्ये शासनाने मान्यता दिली. मात्र महाग औषधांचा योग्य वापर होण्यासाठी आधी अचूक निदान व्हावे लागते.

प्रगती आणि पुढील वाटचाल

२०१५ मध्ये भारतात लाखामागे २३७ नवे क्षयरुग्ण होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. ही २१ टक्क्यांची घट जागतिक सरासरीपेक्षा बरीच अधिक आहे. २०२४ मध्ये २६ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि नोंदीबाहेर राहणाऱ्या रुग्णांची संख्या २०१५ मधील सुमारे १५ लाखांवरून एक लाखाच्या खाली आल्याचा अंदाज आहे. ७ डिसेंबर २०२४ ते २४ मार्च २०२५ या काळात ३४७ जिल्ह्यांपासून सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात नेता येण्याजोग्या एक्स-रे यंत्रांचा वापर करण्यात आला. शासनाच्या माहितीनुसार या मोहिमेत नोंदलेल्या ७.१९ लाख रुग्णांपैकी सुमारे २.८५ लाख रुग्णांना कोणतीही लक्षणे नव्हती. मात्र २०२५ पर्यंत क्षयरोगाचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटवण्याचे जे उद्दिष्ट ठेवले होते, त्यापासून देश दूर राहिला.

यापुढील काळात काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. पहिली, खोकला घेऊन येणाऱ्या रुग्णाची पहिली चाचणी जनुकीय असावी आणि ती त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात, शक्यतो त्याच दिवशी व्हावी. दुसरी, यंत्रे घेण्यासाठी तरतूद होते, परंतु काडतुसे, चिप, दुरुस्ती आणि तंत्रज्ञांचे वेतन या आवर्ती खर्चासाठी तितकीच खात्रीची तरतूद हवी. बंद पडलेल्या यंत्रात गुंतवलेला रुपया विलंब कमी करत नाही. तिसरी, लक्षणांची वाट न पाहता रुग्णांचे कुटुंबीय, मधुमेही, खाणकामगार, तुरुंगातील कैदी आणि दाट वस्तीतील रहिवासी यांची एक्स-रे तपासणी ठरावीक काळाने व्हावी. चौथी, खासगी डॉक्टरकडे गेलेल्या रुग्णालाही शासकीय चाचणी मोफत मिळावी. पाचवी, रुग्णाच्या कुटुंबालाही पोषण साहाय्यात सामावून घ्यावे. आणि सहावी, कार्यक्रमाचे यश मोजताना नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येबरोबरच लक्षणापासून उपचारापर्यंत गेलेले दिवसही प्रत्येक जिल्ह्याने मोजावेत. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होणे अवघड असते.

क्षयरोगाच्या जंतूला वाढीसाठी वेळ लागतो. हा वेळ त्याला रुग्णाच्या गरिबीतून, डॉक्टरच्या दुर्लक्षातून, बंद यंत्रातून आणि समाजाच्या भीतीतून मिळत आला आहे. मद्रासच्या प्रयोगाने सहा दशकांपूर्वीच दाखवून दिले की, औषध सुरू झाल्यावर रुग्ण आपल्या घरात, आपल्या माणसांत राहूनही बरा होऊ शकतो. औषध सुरू होण्याचा तो दिवस जितका अलीकडे आणता येईल, तितकी पुढच्या पिढीच्या वाट्याला येणारी रुग्णसंख्या घटेल. त्यासाठी लागणारे ज्ञान आणि तंत्रज्ञान देशापाशी आहे; ते शेवटच्या गावापर्यंत वेळेवर पोहोचवणे ही आता नियोजनाची कसोटी आहे.